एन्क्रिप्शन लावलंय, तरी बाहेरचे ऐकतात: वॉकीटॉकीची परत परत येणारी तक्रार

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्या असोत की नवी मुंबईत महापे-रबाळ्याच्या कंपन्या, डिजिटल वॉकीटॉकीबद्दल येणारे फोन साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला असा: "साहेब, दोन नंबर गेटच्या सेटवर नुसतं गुरगुर येतंय, एक शब्द कळत नाही." दुसरा फोन क्वचित येतो, पण तो आला की मॅनेजरचा आवाज खाली गेलेला असतो: "अहो, समोरच्या टॉवरचा गार्ड आमच्या गार्डला विचारतोय, सातव्या मजल्यावरचे गावाहून आले का म्हणून. याला कसं कळलं?"

दुखणं एकच आहे. पहिली तक्रार लगेच कानाला जाणवते, म्हणून लगेच 'दुरुस्त' होते. ही दुरुस्ती म्हणजे नव्वद टक्के वेळा कुणीतरी एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं बाहेरच्याला कळू नये म्हणून लावलेलं कुलूप, बंद करून टाकणं. गुरगुर थांबते, सगळे खूश. काही आठवड्यांनी दुसरा फोन येतो. मग कुणीतरी परत एन्क्रिप्शन चालू करतं, एखादा सेट त्यात राहून जातो, आणि गाडं पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतं.

एन्क्रिप्शन कुणी फोडलं म्हणून बोलणं बाहेर गेलं, असं सोसायटीच्या किंवा गोदामाच्या पातळीवर सहसा घडत नाही. ते गपचूप बंद पडलेलं असतं, आणि बंद आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. कारण साधं आहे: 'की' म्हणजे हे कुलूप उघडणारा गुप्त आकडा, ज्याच्याशिवाय नुसती गुरगुर ऐकू येते. ही की भरलेला सेट एन्क्रिप्शनवालं बोलणं उलगडून ऐकवतोच, पण उघडं बोलणंही तितक्याच नेमाने ऐकवतो. कानाला फरक शून्य. एन्क्रिप्शन जास्त लागलं की बोंबाबोंब होते, कमी लागलं की सगळं कसं छान चाललेलं दिसतं.

आधी बघा, तुमच्याकडे एन्क्रिप्शन आहे तरी का

बऱ्याच जणांचं प्रकरण इथेच संपतं. सेट अ‍ॅनालॉग असतो आणि खोक्यावर '१२१ प्रायव्हसी कोड' असं ठसठशीत छापलेलं असतं. हे कोड म्हणजे सीटीसीएसएस आणि डीसीएस. सीटीसीएसएसमध्ये बोलण्याच्या खाली ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला एक खर्जातला सूर सतत जात असतो. समोरच्या सेटला तो ओळखीचा सूर सापडला तरच त्याचा स्पीकर उघडतो. डीसीएसमध्ये सुराऐवजी डिजिटल कोड, बाकी कल्पना तीच. म्हणजे दुसऱ्यांची बडबड तुमच्या कानावर येत नाही, एवढाच फायदा. तुमचं बोलणं हवेत जसंच्या तसं असतं आणि ज्याच्या सेटवर कोड बंद आहे त्याला ते स्वच्छ ऐकू येतं. मांजराने डोळे मिटून दूध प्यावं, त्यातलाच हा प्रकार.

अ‍ॅनालॉग सेटमधला 'स्क्रँबलर' याहून एक पायरी वर, पण एकच. तो आवाजातला खर्ज वर आणि वरचा पट्टा खाली असा उलटवतो. उलटवलेलं परत उलटवलं की झालं; कंप्युटरला त्यात काही विशेष नाही, आणि सवयीने कानालासुद्धा थोडंफार कळायला लागतं.

आता डिजिटल. डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) हे ईटीएसआय या युरोपीय संस्थेचं २००५ पासूनचं खुलं मानक आहे. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर आळीपाळीने दोन स्लॉट (वेळेचे तुकडे), कलर कोड (आपला सिग्नल ओळखायचा आकडा) ० ते १५ म्हणजे सोळाच, आणि टॉकग्रुपचा, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या गटाचा आकडा. यातलं काहीही गुप्त नाही. यूएसबीला लावायचा एसडीआर डोंगल (कंप्युटरला रेडिओ बनवणारा तुकडा) आणि फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर असलेला इंजिनीअरिंगचा पोरगा हे सगळं एका संध्याकाळी शोधून काढेल. 'डिजिटल आहे, म्हणजे सुरक्षित आहे' हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून आलं तर पुढचा प्रश्न विचारा: एन्क्रिप्शन कुठलं, की किती लांबीची, आणि ती भरली कुणी?

आपल्याकडच्या उंचीचाही विचार करा. तीस-बत्तीस मजली टॉवरच्या गच्चीवर, साधारण १०० मीटर उंचीवर अँटेना लावली की तिथून क्षितिज ३५ किलोमीटरच्या आसपास जातं. प्रत्यक्षात इमारती आणि येऊरचा डोंगर आडवे येतात, पण खाडीच्या बाजूला आडवं काही नसतं. कोलशेतच्या गच्चीवरचा रिपीटर (सेटचा सिग्नल पकडून जोराने पुढे पाठवणारं यंत्र) काल्हेरच्या गोदामांपर्यंत आरामात पोचू शकतो. कंपाउंडपुरती सोय म्हणून घेतलेली गोष्ट कंपाउंडमध्ये थांबत नाही.

साक्षीदार सेट

दर सोमवारी कंट्रोल रूममधून रोलकॉल होतो, सगळे 'येस सर' म्हणतात, रजिस्टरवर टिक होते. या तपासणीतून बॅटरी कळते, रेंज कळते, माणूस जागा आहे की नाही तेही कळतं. एन्क्रिप्शन कळत नाही. विचारणाऱ्याच्या सेटमध्ये की आहे, त्यामुळे त्याला सगळंच ऐकू येणार.

म्हणून एक सेट वेगळा काढा. त्याच मॉडेलचा जुना, एखादं बटण तुटलेला चालेल. त्यात तुमचाच चॅनेल भरा: तीच फ्रिक्वेन्सी, तोच कलर कोड, तोच स्लॉट, तोच टॉकग्रुप. फक्त की भरायची नाही. पाठीवर लाल टेप लावा, कारण हा सेट गार्डच्या हातात गेला तर नसती भानगड. हा तुमचा साक्षीदार. याला जे समजतं, ते रस्त्यावरच्या कुणालाही समजतं.

तपासणीआधी साक्षीदाराचीच परीक्षा घ्या. हे लोक विसरतात. एका सेटवर मुद्दाम एन्क्रिप्शन बंद करून बोला. साक्षीदाराला स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर त्याचा स्लॉट किंवा टॉकग्रुप चुकलाय, आणि तो गप्प बसला म्हणून 'सगळं सुरक्षित' असा निष्कर्ष काढाल. मग त्याच सेटवर एन्क्रिप्शन लावून बोला. आता साक्षीदाराने एकतर गुरगुरावं किंवा गप्प राहावं. हे मॉडेलवर अवलंबून आहे. गप्प राहिला तरी त्याचा दिवा लागला पाहिजे. दिवा लागतोय आणि आवाज नाही, म्हणजे सिग्नल पोचतोय पण उलगडत नाही. हेच आपल्याला हवंय.

मग एकेक सेट घ्या. स्टिकरचा नंबर वाचायचा, पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं, एक ते पाच म्हणायचं, सोडायचं. नुसत्या रोजच्या चॅनेलवर नाही, त्या सेटमध्ये असलेल्या प्रत्येक चॅनेलवर. नॉब फिरवत जायचं. कंटाळवाणं काम आहे, वीस सेट आणि आठ चॅनेल म्हटले तर दुपार जाते. पण साक्षीदार मध्येच एकदम स्पष्ट 'एक, दोन, तीन' म्हणायला लागतो, तेव्हा खोलीतल्या मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं होतं.

कानाने निदान

साक्षीदाराची फेरी झाली की ज्या सेटवर उलट तक्रार आहे, म्हणजे ऐकूच नीट येत नाही, ते घ्या. इथे घाईने सेटिंगला हात लावण्याआधी आवाज नक्की कसा बिघडतो ते ऐका.

पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखी गुरगुर, पाण्याखाली बोलल्यासारखी, आणि अगदी शेजारी उभं राहून बोललं तरी तशीच: की जुळत नाही, किंवा एन्क्रिप्शनचा प्रकार जुळत नाही. हा सेट बाजूला ठेवा, त्याचं पुढे बघू.

आवाज नाही आणि दिवाही नाही: एन्क्रिप्शनचा संबंध नाही. कलर कोड, फ्रिक्वेन्सी किंवा स्लॉट बघा. दिवा आहे, आवाज नाही, तर टॉकग्रुप रिसीव्ह यादीत आहे का ते आधी बघा. असला तर मग की.

शब्द मधूनमधून गळतात, बेसमेंटमध्ये गेलं की वाढतं, वर आलं की जातं: ही रेंज आहे. अ‍ॅनालॉगमध्ये लांब गेलं की फुसफुस वाढायची, त्यामुळे माणसाला अंदाज यायचा. डिजिटल शेवटपर्यंत चांगलं चालतं आणि मग एकदम तुटतं, म्हणून लोकांना बिघाड वाटतो. पी-२, पी-३ पार्किंगमध्ये सिग्नल नसेल तर एन्क्रिप्शन बंद करून तो येणार नाही. 'लॉक काढल्यावर रेंज वाढली' असं सांगणारे भेटतात. तेव्हा ते दोन खांब पुढे उभे असतात.

वाक्याचा पहिला शब्द जातो किंवा एखादा कॉल पूर्णच गुरगुरतो आणि पुढचा ठीक येतो: हे मात्र एन्क्रिप्शनशी जोडलेलं आहे, पण बिघाड नाही. ४० बिट (छोट्या कीच्या) किंवा एईएसच्या (लांब कीच्या, जास्त मजबूत) एन्क्रिप्शनमध्ये प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला एक छोटा हेडर जातो. प्रकार कुठला, की क्रमांक कुठला आणि या कॉलपुरता सुरुवातीचा आकडा कुठला, हे त्यात असतं. तो हेडर चुकला तर उलगडा होत नाही. उशिरा आलेल्याला पकडता यावं म्हणून तो आकडा पुढे आवाजाच्या चौकटींमधूनही थोडा थोडा पाठवला जातो, पण कमकुवत सिग्नलवर तेही हुकतं. पीटीटी दाबल्या दाबल्या बोलू नका, टुक असा आवाज येऊ द्या, मग बोला. नवीन गार्डला हे एकदा करून दाखवलं की या जातीच्या तक्रारी बऱ्याच गळतात.

रिपीटरला उगाच दोष देऊ नका. साध्या डीएमआर रचनेत रिपीटरला की लागतच नाही. आलेलं तो तसंच पुढे पाठवतो, उलगडा सेटमध्ये होतो. रेकॉर्डिंग किंवा कंप्युटरवरचा डिस्पॅच (कंट्रोल रूममधून सगळ्या सेटशी बोलायची सोय) लावला असेल तर मात्र त्याला की द्यावी लागते, आणि मग त्या कंप्युटरपाशी कोण बसतं हाही प्रश्न येतो.

बंद कसं पडतं

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे बाजूचं बटण. पीटीटीच्या वर-खाली जी दोन बटणं असतात त्यांच्यापैकी एकाला विक्रेत्याने 'प्रायव्हसी चालू-बंद' हे काम दिलेलं असतं. डेमो देताना ते छान दिसतं. पुढे तोच सेट पट्ट्याला अडकवून गार्ड जिने चढतो, खुर्चीच्या हाताला बटण दाबलं जातं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं कुलपाचं बारीक चिन्ह जातं. पडदा नसलेल्या सेटवर तेही नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. २०११ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणांच्या पी-२५ (तिथल्या सरकारी यंत्रणांचं डिजिटल मानक) रेडिओंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खबऱ्यांची नावं सांगणारे संदेश उघड्यावर जात होते आणि बोलणाऱ्यांना आपण एन्क्रिप्टेड आहोत असंच वाटत होतं. कारणं हीच: सहज सरकणारा स्विच, उघड्या आणि बंद बोलण्यात न कळणारा फरक, आणि सारख्या बदलणाऱ्या की, ज्या सगळ्यांकडे वेळेत पोचत नव्हत्या. प्रशिक्षित एजंटांचं असं होत असेल तर बारा तासांच्या ड्युटीवरच्या गार्डकडून कुलपाच्या चिन्हाकडे लक्ष ठेवायची अपेक्षा करणं अन्याय आहे.

उपाय सरळ आहे. प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन त्या बटणाचं काम काढून टाका. मेन्यूमध्ये प्रायव्हसीचा पर्याय दिसत असेल तर तोही लपवा. चालू-बंद करण्याची मुभा वापरणाऱ्याच्या हातात ठेवूच नका. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलपुरतं 'उघडा आवाज ऐकवू नको' असंही ठरवता येतं. ते चालू केलं की उघड्यावर बोलणारा सेट आपोआप एकटा पडतो, त्याला कुणी उत्तर देत नाही, आणि पाच मिनिटांत तो गार्ड स्वतः कंट्रोल रूमला येऊन तक्रार करतो. मला हा उपाय सगळ्यात आवडतो. फक्त आगीसारख्या प्रसंगासाठी एक चॅनेल यातून वगळा. तिथे ऐकू येणं जास्त महत्त्वाचं.

दुसरं ठिकाण चॅनेलचं. एन्क्रिप्शन सेटला लागत नाही, चॅनेलला लागतं. रोजच्या एक नंबर चॅनेलवर चोख असतं. रिपीटर बंद पडला तर वापरायचा थेट चॅनेल, इमर्जन्सी बटण दाबल्यावर सेट ज्या चॅनेलवर जातो तो, हाउसकीपिंगचा चॅनेल, हे राहून जातात. दिवे गेले, रिपीटरची बॅटरी संपली, सगळे थेट चॅनेलवर आले की नेमकी गडबडीच्या वेळची बोलणी उघडी. स्कॅन (सेट आपोआप एकेक चॅनेल फिरून ऐकतो ती सोय) चालू असेल तर आणखी घोळ: सेट ज्या चॅनेलवर थांबलाय तिथेच तुमचं उत्तर जातं, आणि त्या चॅनेलची जी सेटिंग असेल ती लागू होते. टेक्स्ट मेसेज आणि लोकेशन पाठवत असाल तर तेही बघा. आवाजाला एन्क्रिप्शन आहे म्हणजे डेटाला आहेच असं नाही.

तिसरं, गणपती आणि नवरात्र. जादा माणसं येतात, जादा सेट भाड्याने येतात, ते दुसऱ्या कंपनीचे असतात. एकमेकांचं ऐकू येत नाही. मंडपात ढोल वाजतोय, सेक्रेटरी घामाघूम, आणि कुणीतरी ओरडतं, "बंद कर रे ते लॉक, नंतर बघू." विसर्जन होतं, भाड्याचे सेट परत जातात, लॉक तसंच बंद राहतं. उत्सवासाठी वेगळा, उघडा चॅनेल आधीपासून ठेवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा की इथे फ्लॅट नंबर, नाव, गाडी नंबर काही बोलायचं नाही. रोजच्या चॅनेलला हात लावायचा नाही.

चौथं, दुरुस्तीहून आलेला सेट. तिथे जुना बॅकअप भरला जातो, कधी फर्मवेअर (सेटच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भरलेली की परत वाचता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे क्लोन केलेल्या सेटमध्ये चॅनेल सगळे असतात आणि कीची जागा रिकामी. दुरुस्तीहून आलेला सेट साक्षीदारासमोर बोलल्याशिवाय गार्डला द्यायचा नाही, एवढा एक नियम करा.

की जुळत नाही तेव्हा

बाजूला ठेवलेल्या गुरगुरणाऱ्या सेटकडे येऊ. तीन गोष्टी तंतोतंत जुळायला हव्यात: प्रकार, की क्रमांक आणि खुद्द की. की बरोबर आणि क्रमांक एकाकडे १, दुसऱ्याकडे २, तरी चालत नाही.

की सोळाच्या पद्धतीने लिहितात: ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. ४० बिटला १० चिन्हं, एईएस-१२८ ला ३२, एईएस-२५६ ला ६४. सेटमध्ये गुरगुर असेल तर आधी लांबी मोजा. एक चिन्ह कमी पडलं की काही सॉफ्टवेअर न विचारता शून्य जोडतात, कुणी पुढे, कुणी मागे. कागदावरून टाइप करताना बी आणि ८, डी आणि ० यांची अदलाबदल तर ठरलेली. चार-चारचे गट करून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. कीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. ज्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची वेळ कळवता त्या ग्रुपवर तर नाहीच.

वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट असतील तर 'बेसिक' या सगळ्यात साध्या प्रकारात फार अपेक्षा ठेवू नका, ते प्रत्येकाचं स्वतःचं असतं. दोन्हीकडे डीएमआर असोसिएशनच्या पद्धतीचं एईएस असेल तर जुळण्याची शक्यता चांगली, पण घेण्याआधी दोन सेट समोरासमोर ठेवून बोलून बघा. माहितीपत्रकावर दोघांनीही 'एईएस-२५६' लिहिलंय एवढ्यावर पैसे देऊ नका. काही मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागतं, हेही आधीच विचारा.

कुठलं एन्क्रिप्शन पुरेसं, असं मॅनेजर विचारतात. मोटोरोलाच्या मोटोट्रबो सेटमधल्या बेसिक प्रायव्हसीत की म्हणजे १ ते २५५ मधला एक आकडा. गंमत म्हणून ऐकणाऱ्याला थोपवायला ठीक, पण ज्याला खरंच ऐकायचंय तो २५५ आकडे बसल्या बसल्या तपासेल. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. आकडा डोळे दिपवणारा, पण आजच्या कंप्युटरसाठी आवाक्यातला. एईएस-२५६ ला शक्यता एकेक करून तपासणं कुणालाच जमणारं नाही. पैसे खर्च करायचेच तर तिथे करा.

कागदावरच्या बिटांवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. टेट्रा ही पोलीस, विमानतळ, बंदरं यांच्यासाठीची जगभर चालणारी यंत्रणा. तिच्यातल्या टीईए-१ या प्रकाराची की ८० बिटची. २०२३ साली नेदरलँड्सच्या मिडनाइट ब्लू या संशोधकांच्या गटाने दाखवलं की आतल्या आत ती ३२ बिटवर आणली जाते, म्हणजे जेमतेम ४२९ कोटी शक्यता, साध्या कंप्युटरवर मिनिटांचं काम. हा अल्गोरिदम वर्षानुवर्षं गुप्त ठेवला होता, म्हणूनच इतकी वर्षं कुणाला सापडलं नाही. एईएस सगळ्या जगासमोर उघडं ठेवून तपासलं गेलंय, त्याचा भरवसा त्यामुळे जास्त.

आणि एईएस घेऊन त्यात की म्हणून ६३ शून्य आणि शेवटी एक भरणारे महाभाग आहेतच. सोसायटीचा नोंदणी क्रमांक, चेअरमनच्या गाडीचा नंबर, हेही नको. इंटरनेट नसलेल्या कंप्युटरवर यादृच्छिक आकडे काढा. तेही नको असेल तर चार नाणी क्रमाने उडवा: छापा-काट्याच्या सोळा जोडण्या होतात, प्रत्येकीला एक चिन्ह. ६४ वेळा उडवायचं. चहा दोनदा होतो, पण की पक्की होते.

की बदलायची वेळ

सेट हरवला, गार्डची एजन्सी बदलली, प्रोग्रॅमिंग माहीत असलेला माणूस सोडून गेला: की बदला. हरवलेला सेट दुरून बंद करायची सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते, ती वापरा. पण सेट चालू आणि रेंजमध्ये असला तरच तिचा उपयोग. ज्याने उचललाय त्याने तो कासारवडवलीहून भिवंडीला नेला असेल तर तुमचा आदेश हवेत विरतो.

की बदलताना जी एकच चूक सगळीकडे होते ती अशी: दिवसपाळीचे सेट बदलले जातात, रात्रपाळीचे चार सेट कपाटात चार्जिंगला असतात. रात्री गुरगुर, फोन, आणि रात्रीचा सुपरवायझर लॉक काढतो. तक्रारीच्या चक्राची सुरुवात बहुधा इथूनच होते.

म्हणून दोन फेऱ्यांत करा. ४० बिट आणि एईएसच्या प्रकारांत कॉलसोबत की क्रमांक जातो, आणि सेटमध्ये एकाहून अधिक की ठेवता येत असतील तर आलेल्या क्रमांकाची की तो आपोआप उचलतो. पहिल्या फेरीत नवी की दोन नंबरला सगळ्या सेटमध्ये भरायची, बोलणं जुन्यावरच ठेवायचं. कपाटातले, दुरुस्तीला गेलेले, मॅनेजरच्या ड्रॉवरमधला, सगळे यादीवर टिक होईपर्यंत थांबा, आठवडा लागला तरी लागू दे. दुसऱ्या फेरीत बोलणं नव्या कीवर आणायचं. या काळात कुणाचंही कुणाला अडत नाही, कारण दोन्ही की सगळ्यांकडे आहेत. सगळे नव्यावर आले की जुनी पुसायची. बेसिकमध्ये ही चैन नाही. तिथे सगळे सेट एका टेबलावर आणून एकाच बैठकीत बदलावे लागतात. सेट हरवल्यामुळे की बदलत असाल तर मात्र आठवडाभर थांबू नका. तोवर नाव-नंबर हवेत बोलणं बंद ठेवा.

की कोणाकडे? एजन्सीकडे नाही. सोसायटीकडे किंवा कंपनीकडे, बंद पाकिटात, सेटच्या यादीसोबत. प्रोग्रॅमिंगची केबल आणि सॉफ्टवेअरचा पासवर्डही तिथेच. वर्षाच्या कराराने एजन्सी येते-जाते.

लायसन्सचं थोडक्यात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे हँडसेट २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळे आहेत, त्यांनाही उपकरणाची मान्यता लागतेच. रिपीटर आणि त्यासोबतचे चार-पाच वॉटचे सेट दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवान्याशिवाय चालवता येत नाहीत, आणि एन्क्रिप्शन वापरताना परवान्याच्या अटी बघूनच वापरायचं. ते डीलरकडून लेखी घ्या. ऑनलाइन स्वस्त मिळाले म्हणून सेट घेऊ नका; परवाना-मान्यता नसलेले सेट तिथे विकले जात होते, म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी नियमावली काढली. हॅम लायसन्स असलेल्या मित्राची फ्रिक्वेन्सी वापरायची कल्पना कुणाला सुचली तर तिथल्या तिथे मोडा; हौशी रेडिओवर अर्थ लपवणारं बोलणं चालत नाही.

एवढं सगळं केल्यावरही दोन गळत्या उरतात. एन्क्रिप्शन बोलणं झाकतं. कुठला सेट, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता बोलला हे बहुतेक रचनांमध्ये उघडंच दिसतं. रात्री तीन ते चार कुणीच बोलत नाही, हेही बाहेरच्याला कळू शकतं. त्या वेळेत एखाद-दुसरा साधा चेक-इन ठेवा. दुसरी गळती स्पीकरची. लिफ्टमध्ये पाच माणसं, गार्डच्या छातीवर सेट फुल्ल आवाजात, आणि त्यातून "बी विंग नऊशे दोन लॉक आहे, कुरिअर खाली ठेव." तिथे एईएस काय करणार? इअरपीस द्या. फ्लॅट नंबरऐवजी इंटरकॉम वापरायला सांगा.

साक्षीदाराची फेरी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक दुरुस्ती, उत्सव, की-बदल यानंतर. तरीही एखादा सेट उघडाच बोलत राहिला, बटण काढलंय, चॅनेल तपासलाय, की नव्याने भरलीय, तर डीलरला फोन करताना नुसतं 'एन्क्रिप्शन चालत नाही' म्हणू नका. मॉडेल, फर्मवेअरचा क्रमांक, चॅनेल, एन्क्रिप्शनचा प्रकार, की क्रमांक सांगा. की सांगू नका, त्याने मागितली तरी. आणि एक वाक्य आवर्जून सांगा: की नसलेल्या सेटवर याचा आवाज स्पष्ट येतो, त्याच चॅनेलवर बाकीच्यांचा येत नाही. एवढं ऐकल्यावर 'बॅटरी काढून घालून बघा' हे उत्तर त्याला देता येत नाही.